गावाच्या तोंडून आलेली बाबांची झडती

या सदरातले अनुभव मी नेमानं वाचतो, पण खरं सांगायचं तर हसायला म्हणून. माझं आर्वीत दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, टीव्ही, मोबाईल, कूलर... जे बिघडेल ते. एकदा एक बाई रेडिओ घेऊन आल्या. म्हणे, बंद असला तरी यातून आमच्या ह्यांचा आवाज येतो, ह्यांना जाऊन वर्ष झालं. मी उघडला तर आत झुरळांचा भरला संसार! साफ करून दिला, आवाज बंद. बाई जराशा नाराजच झाल्या. तेव्हापासून माझं एकच शास्त्र — भूत दिसलं की आधी स्क्रू-ड्रायव्हर काढायचा.

या वेळीही काढला होता. उघडून बघितलं. आणि तरीही हे लिहायला बसलोय, यावरून काय ते समजा.

आमचं गाव आर्वीहून आष्टीकडे जाताना फाट्यापासून आत आहे. नाव देत नाही, लोकांना नसता ताप नको. मारुतीचं देऊळ, देवळासमोर आखर — म्हणजे सकाळी गावची गुरं गोळा होतात ती मोकळी जागा — आणि आखराच्या कडेला आमचं घर. ओट्यावर बसलं की सगळं दिसतं. पोळा याच आखरावर भरतो.

आता पोळ्याबद्दल थोडं सांगावंच लागेल, कारण पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना 'झडती' म्हटलं की पोलीस आठवतात. आमच्याकडे झडती म्हणजे पोळ्यात तोरणाखाली बैल घेऊन उभं राहिल्यावर मोठ्यानं म्हणायची तुकबंदी. कोणाची टर उडवायची, कोणाला टोमणा मारायचा, पावसापाण्याचं गाऱ्हाणं सांगायचं, आणि शेवटी महादेवाचं नाव घ्यायचं की अख्खा पोळा 'हर हर महादेव' म्हणून ओरडतो. एक संपली की दुसरा उत्तर देतो. मजा असते. आणि माझे बाबा म्हणजे या कामातले उस्ताद. दरवर्षी नवी झडती, तीही कधी आधी कोणाला न सांगितलेली. गावात पहिली झडती म्हणायचा मान त्यांचा. त्यांची झाल्याशिवाय दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही, हा रिवाजच.

गेल्या उन्हाळ्यात बाबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. डोळे तसेच मिश्कील. पण तोंडातून नुसतं 'आं... आं...'. ज्या माणसाची जीभ सरपंचालासुद्धा सोडायची नाही, तो माणूस पाणी मागायला खाटेची लाकडी पाटी वाजवायला लागला. आई आधीच गेलेली. मी आणि माझी बायको वंदना, आम्ही दोघंच करायचो त्यांचं.

हळूहळू त्यांनी जेवण सोडलं. घास तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटायचे. वंदना हाता-पाया पडायची, "मामाजी, एक घास तं घ्या नं..." (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात.) पण नाही. वर्ध्याला डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, यांना गिळता येतं, पोटातही दोष नाही, यांनी मनानंच ठरवलेलं दिसतं. असंच वजन उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि तीही किती दिवस... येताना गाडीत मी रडलो. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

अशात पावसाळा लागला आणि गावात ती जीप आली.

पांढरी जीप, काचेवर 'शासकीय कामकाज' असा कागद चिकटवलेला. दोन हिंदी बोलणारी माणसं आणि एक मराठी मॅडम, हातात टॅब. वीज पडायच्या आधी इशारा देणारं यंत्र घरोघरी फुकट बसवून देतो म्हणाले. आमच्या भागात दर पावसाळ्यात वावरात कोणी ना कोणी विजेनं जातं. नाही कोण म्हणणार? साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी, तिला एक बारीक हिरवा दिवा. प्रत्येक घरात बसवली, आणि नेमकी झोपायच्या जागी, उशाशी. मी म्हटलं, "मॅडम, वीज काय खाट बघून पडते काय?" मॅडम हसल्या. म्हणाल्या, झोपेत असलात तर ऐकू यायला हवं ना. पटलं मला. बाबांच्या खाटेच्या वर मीच स्वतःच्या हातानं खिळा ठोकून दिला.

पुढे जे व्हायला लागलं ते आधी गमतीचंच होतं. आमच्या गल्लीत एकमेकींकडे भाजीची वाटी पाठवायची पद्धत आहे. एक दिवस वंदनानं अंबाडीची भाजी केली आणि शेजारच्या शोभाकाकूंकडे वाटी नेली. काकूंकडेही अंबाडी! तिकडून समोरच्या घरी, तिथेही अंबाडी. पूर्ण गल्लीत त्या दिवशी अंबाडी शिजली होती. बाया हसून हसून लोळल्या. शोभाकाकू म्हणे, "काय वो माय, साऱ्याइले एकाच टायमाले डोहाये लागले काय!" लगेच दुसऱ्या दिवशी मॅडम टॅब घेऊन दारोदारी, "काल भाजी कोणती केली होती?" विजेच्या यंत्रवाल्यांना भाजीशी काय करायचंय, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

मग वावरातली गोष्ट घडली. सुटीचा दिवस म्हणून वंदनासोबत मीही निंदणाला गेलो होतो. आभाळ भरलेलं, पण तसं तर रोजच असायचं. आजूबाजूच्या वावरांतही बाया निंदत होत्या, गप्पा चालल्या होत्या. आणि मी उठलो. हातातलं खुरपं खाली ठेवलं आणि बांधाकडे चालायला लागलो. काऊन, ते ठाऊक नाही. नुसतं चालावंसं वाटलं, जशी लघवीची आठवण यावी तसं. बांधावर येऊन बघतो तर सगळे येत होते... आमच्या वावरातले, पलीकडचे, त्याच्या पलीकडचे. कोणी घाईत नाही, कोणी बोलत नाही. सगळे रस्त्यावर येऊन उभे राहिलो, आणि मागे शिवारात वीज कोसळली. कडुनिंब उभा चिरला. त्याच झाडाखाली शोभाकाकूंची पाण्याची कळशी होती.

मग काकूंनीच विचारलं, "पन... 'चाला' कोन म्हनलं?"

कोणीच म्हटलं नव्हतं. घरी येऊन विचारलं, डबी वाजली काय? कोणाचीच वाजली नव्हती.

माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू. पण स्वभाव जात नाही. आमची डबी काढली, दुकानात नेली, उघडली. आत एक बारकं सर्किट, पातळ तारेचं वेटोळं, बॅटरी, आणि सगळ्यावर काळी लाख ओतलेली. ओळखू येईल असा एकही भाग उघडा नाही. इतपत ठीक. पण इशारा देणाऱ्या त्या यंत्रात स्पीकर नव्हता. साधा बझरही नाही. वाजायला आत काही असेल तर वाजेल ना! मी ते तसंच बंद केलं आणि परत बाबांच्या उशाशी नेऊन लावलं. लोक विचारतात, तेव्हाच फेकून का नाही दिलं? अहो, ज्या गोष्टीनं दोन दिवसांपूर्वी माझा आणि माझ्या बायकोचा जीव वाचवला, ती फेकू कशी? भीतीही वाटायची आणि तिच्यापुढे हात जोडावेसेही वाटायचे.

बाबांचं मात्र काहीच बदललं नव्हतं. घास तोंडाशी गेला की ओठ बंद.

पोळा आला. आदल्या दिवशी आम्ही बैलांचे खांदे शेकले, लोण्या-हळदीनं मळले. 'आज आवतण घ्या, उद्या जेवायले या' हे बैलांना दरवर्षी बाबा म्हणायचे, या वेळी मी म्हटलं. बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या दिवशी वंदनाचा भाऊ सतीश दुपारच्या बसनं वर्ध्याहून आला. बैल सजवले, बेगड लावली, झुली घातल्या. आणि आखरावर निघणार तोच नामदेवकाका दारात. बाबांचे जुने सवंगडी, झडतीतले दुश्मन.

"गजू, तुह्या बापाले घे."

मी म्हटलं, "काका, काऊन त्यायची फजिती करून राह्यले? बोलता येत नाई त्याइले."

"तुहा बाप जिता हाय तवरक पयली झडती दुसऱ्या कोनाची नाई. नाई बोलनं झालं तं आमी नुसते उभे राहू. पन त्याले तोरनाखाली पाह्यजे."

मला रागच आला. पण मागे पाटी वाजली. बाबांनी डाव्या हातानं खुंटीवरच्या टोपीकडे बोट दाखवलं. मी आणि सतीशनं त्यांना खुर्चीवर बसवून नेलं, तोरणाखाली, आमच्या जोडीच्या मधोमध. ऊन कलतं होतं. आखर भरलं होतं. बाया देवळाच्या पायऱ्यांवर आणि ओट्यांवर. कडेला ती पांढरी जीपही उभी होती, मॅडम टॅब घेऊन बॉनेटला टेकलेल्या.

डफडं थांबलं. रिवाजाप्रमाणे सगळं गाव बाबांकडे बघत गप्प उभं राहिलं. पोळ्यात इतकं चिडीचूप मी कधी ऐकलं नाही, बैलांच्या घागऱ्यासुद्धा वाजेनात. बाबांनी तोंड उघडलं. 'आं...' झालं. पुन्हा 'आं...'. मी मान खाली घातली. मनात म्हणत होतो, कोणीतरी सोडवा रे याला यातून.

आणि माझी जीभ जड झाली. अर्धी, उजवीकडची. दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर होते तशी. आणि मी बोलायला लागलो. एकटा मी नाही, सगळेच. नामदेवकाका, सरपंच, डफडंवाला, ओट्यावरच्या बाया, शोभाकाकू, वंदना... एका दमात, एका लयीत, एक आवाज —

वावरात पऱ्हाटी, बांधावर बोर,
जीभ माही चोरली, सापडेना चोर!
मुका बैल गाडा वढे, त्याले म्हनता थोर,
मुका बाप खाटंवर, साऱ्याइले घोर!
पोरगा घास भरवते, बाप झाला पोर —
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

ही झडती मी कधी ऐकली नव्हती. कोणीच ऐकली नव्हती. पुढची ओळ काय येणार हे ती तोंडातून बाहेर पडेपर्यंत मला माहीत नव्हतं. पण 'जीभ माही' म्हणतानाची ती फिरकी, 'चोर'वरचा तो झटका... ती लकब बाबांची. त्या ढंगाची झडती आमच्या तालुक्यात दुसरा कोणी रचत नाही.

आणि नुसते शब्द आले असते तर गोष्ट वेगळी. शब्दांसोबत ते आतलंही आलं. 'पोरगा घास भरवते' म्हणताना चमचा माझ्याच तोंडाशी आला होता, आणि मला लाज वाटली. काय सांगू, इतकी लाज! ज्या हातानं बैल वळवले, वखर धरला, तो हात मांडीवर मेल्यासारखा पडलाय आणि आपलं पोर आपल्याला 'आ करा' म्हणतंय. मी इतके महिने समजत होतो की बाबांना मरायचंय. त्यांना मरायचं नव्हतं हो. त्यांना भरवून घ्यायचं नव्हतं!

शेवटचा 'हर हर महादेव' मात्र आमचा आमचा होता. कोणी आधी, कोणी मागून. जीभ मोकळी झाली होती. बाबा खुर्चीत बसून रडत होते आणि वाकड्या तोंडानं हसत होते. नामदेवकाका त्यांच्या पायाशी मटकन बसले. "लेका, माह्या तोंडून मलेच हरवलं का रे..." म्हणाले आणि हुंदके द्यायला लागले. झडतीला झडतीनं उत्तर द्यायचं कोणाला सुचलंच नाही. मी हात जोडले. कोणाला जोडले, महादेवाला, बाबांना की त्या डबीला, विचारू नका.

सतीश मात्र बोलला नव्हता. तो दुपारीच आलेला, आमच्या घरी एक रात्रही झोपला नव्हता. त्याचा चेहरा पांढराफटक. "भाऊजी, हे तुमी साऱ्याइनं केवा बसवलं?" त्याच्या मोबाईलमध्ये व्हिडिओ आहे. आवाज स्वच्छ आहे. पण ज्याला दाखवावा तो म्हणतो, छान बसवलंय, प्रॅक्टिस दिसते! बसा बोंबलत.

दुसरा माणूस जो बोलला नव्हता तो म्हणजे मॅडम. त्यांच्याकडे माझी नजर गेली तेव्हा टॅब खाली पडला होता आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

त्या संध्याकाळी बैलांना पुरणपोळी चारली, मग आम्ही बसलो. वंदना घास कालवायला लागली तसा मी तिला थांबवलं. बाबांच्या डाव्या हातात चमचा दिला, ताट मांडीवर ठेवलं आणि आम्ही दोघं दुसरीकडे बघत आपापलं जेवत राहिलो. बराच वेळ ताटाचा आवाज नाही. मग आला. सदऱ्यावर सांडलं, दाढीला लागलं, अर्धं अधिक खाली गेलं. पण ताट रिकामं झालं. वंदना पाण्याचं निमित्त करून आत गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिवाजाप्रमाणे गाव 'इडा पिडा घेऊन जाय गे मारबत' ओरडत पळसाच्या फांद्या शिवेबाहेर टाकून येत होतं, तेव्हाच जीप आली. डब्या परत घेऊन चालले. मशिनी खराब निघाल्या म्हणे. मी आमची डबी काढून कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, ढिगात खुपसली. पुन्हा बाबांना मुकं व्हायला लावायचं? कोणाच्या बापाचं राज्य आहे?

मॅडम ओट्याशी आल्या, बाबांची खाट त्या सकाळी तिथेच टाकली होती. मी विचारलं, "खरं सांगा, काल काय झालं?"

"ते... तसं व्हायला नको होतं," त्या हळूच म्हणाल्या.

"मंग कसं व्हायले पाह्यजे होतं?"

त्यांनी जीपकडे बघितलं. तेवढ्यात बाबांनी पाटी वाजवली, जोरात. कुटाराकडे बोट. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी पुन्हा वाजवली, डोळे वटारून, लहानपणी वटारायचे तसे. शेवटी मी जाऊन डबी काढली. त्यांनी ती माझ्याकडून घेतली आणि स्वतःच्या हातानं मॅडमकडे दिली. मॅडम वाकल्या, बाबांच्या पायावर डोकं ठेवलं आणि मागे न बघता गेल्या. तो हिरवा दिवा तेव्हाही चालू होता.

नंतर मी जिल्ह्याच्या ठिकाणी दोन-तीन कार्यालयांत विचारून आलो. विजेच्या डब्यांची अशी कोणती योजनाच नव्हती म्हणाले. जीप कोणाची, तेही कोणाला माहीत नाही. कॉलेजात शिकवणारे एक ओळखीचे सर म्हणाले, सामूहिक भ्रम असतो असा. असेल. पण भ्रमाला यमक जुळवता येतं का, सर? फौजेतून निवृत्त झालेल्या एकानं वेगळंच सांगितलं. म्हणे, लोकांच्या डोक्यात परस्पर हुकूम घालायचे प्रयोग जगभर चोरून चालतात, आणि ते अशाच ठिकाणी करतात जिथे कोणी विचारायला जात नाही. खरंखोटं तो जाणे. माझ्या मनात आपला एक अंदाज येतो. त्यांनी आमच्या डोक्यांपर्यंत एक वाट पाडली असेल, त्यांचं काहीतरी आमच्यापर्यंत आणायला. आज अंबाडी शिजवा, उद्या वावरातून उठा, परवा आणखी काही. त्याच वाटेनं उलटा माझा बाप चालत आला, कारण सगळं गाव श्वास रोखून त्याच्या एका शब्दासाठी थांबलं होतं. पोळ्याचा रिवाज त्यांना माहीतच नसणार. पण हा अंदाजच. पुरावा शून्य.

बाबा आता बोलत नाहीत, पण जेवतात. डाव्या हातानं, सांडत, कोणाची मदत न घेता. नळीचं नावही डॉक्टरांनी पुन्हा काढलं नाही.

दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी ओट्यावर दोघंच बसलो होतो. मला राहवेना. म्हटलं, "बाबा, डबी काऊन देल्ली? पुढच्या पोळ्याले पुन्हा बोलता आलं असतं नं. माह्या तोंडून बोलले असते, मले चाललं असतं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग डावा हात उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. खरखरीत, जड हात. माझा श्वास त्यावर आदळत होता. मला बोलायचं होतं आणि बोलता येत नव्हतं, आणि ते माझ्या डोळ्यांत बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी हात काढला आणि माझ्या उत्तराची वाट बघत बसले.

"नाई, बाबा," मी म्हटलं. "नको."

त्यांनी मान डोलावली. तो 'नको' माझा होता. माझ्या जिभेनं, माझ्या मनानं म्हटलेला. हे एवढं आपण खात्रीनं सांगू शकतो, याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा नवल वाटलं.